काळ्या पिशवीला ऊन

मी एक काळी पिशवी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. मंडईतून भाजी आणायची ती पिशवी मी नव्हे. मला दोन बाह्या आहेत, पण गळा नाही. सांगलीला शरयूबाई मला मशिनवर शिवत बसल्या होत्या, तेव्हा शेजारच्या शालूबाईंना वाटलं, संक्रांतीला तान्ह्या बाळाला घालतात ते काळं झबलंच शिवायला घेतलंय. त्यांनी हळूच विचारलं, "गोड बातमी आहे वाटतं?" शरयूबाई लाजल्या आणि मग हसत सुटल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी अंधार शिवतेय."

अगदी खरं बोलल्या. माझ्या पोटात अंधार असतो, आणि तो असावा म्हणूनच मला शिवलंय. सिनेमाची फिल्म धुऊन निघेपर्यंत तिला उजेडाचा कवडसाही चालत नाही. मग कॅमेरावाला काय करतो, तर फिल्मचा डबा आणि कॅमेऱ्यावर बसणारी फिल्मची पेटी माझ्या पोटात ठेवतो, तोंडाचे हूक लावतो, दोन्ही बाह्यांतून हात घालतो आणि नुसत्या चाचपण्यावर फिल्म एकातून दुसऱ्यात भरतो. माझं बाहेरचं कापड छत्रीचं, अस्तर काळ्या सॅटिनचं. बाह्यांच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर आहे, कारण लढाईच्या दिवसांत नवं इलॅस्टिक औषधालाही मिळत नव्हतं.

माझे कान बाहेर आणि डोळे आत, अस्तराच्या अंगाला. म्हणजे ऐकायचं सगळं, बघायचं काही नाही. पण हात मात्र मला कळतात. माणूस तोंडाने काहीही सांगो, माझ्या बाह्यांत आलेले हात खोटं बोलत नाहीत.

माझे मालक, म्हणजे शरयूबाईंचे यजमान विष्णुपंत, मुंबईला सरकारी बातमीपटाच्या ऑफिसात कॅमेरामन होते. खेळाच्या आधी थेटरात पाच-दहा मिनिटं लढाईच्या बातम्या दाखवत, त्या विष्णुपंत टिपून आणत. कधी पलटणीचं संचलन, कधी कारखाना, कधी कुठल्या साहेबाच्या हस्ते कशाचं तरी उद्घाटन. तेव्हा त्यांचे हात नुसते पळत असायचे. येत तेच घाईने, फिल्म अडकली की चिडत, निघताना माझं रबर तटातट ओढत. बातमी शिळी व्हायच्या आत मुंबईला पोचली पाहिजे, हा एकच ध्यास. मला त्यांचा राग यायचा, पण अंगठ्याचं तुटकं नख अस्तराला लागू नये म्हणून ते त्याला चिंधी गुंडाळत, तेवढ्यासाठी मी गप्प बसायची.

त्रेचाळीस सालची गोष्ट. मुंबईच्या गोदीत साताऱ्याकडच्या पोरांची एक तुकडी बोटीवर चढत होती. विष्णुपंतांनी मला कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला, त्या तीन पायांच्या घोडीला, अडकवलं होतं. एकेका शिपायाला ते पुढे बोलवत आणि म्हणत, "इकडे बघ. हस. झालं, चल पुढे."

एक पोरगा पुढे आला आणि हसण्याऐवजी त्याने विचारलं, "सायेब, आयला दोन शबूद बोलू का? तिला ऐकू जाईल न्हवं?"

तो कॅमेरा मुका होता. चित्र काढायचा, आवाज नाही. हे समजावून सांगायला जेवढा वेळ लागला असता त्याच्यापेक्षा 'हो' म्हणायला कमी लागतो. विष्णुपंत म्हणाले, "जाईल, जाईल. बोल लवकर. नाव काय?"

"ज्ञानू," तो म्हणाला, आणि बोलू लागला.

त्याच वेळी बोटीचा भोंगा झाला. विष्णुपंतांच्या कानाशी कॅमेऱ्याची घरघर होती. त्यांना अक्षरही ऐकू आलं नाही. मी मात्र त्या पोराच्या अगदी जवळ लोंबत होते. तो काय बोलला ते मी ऐकलं. तो म्हणाला, "आये, मी येस्तवर माजी वाकळ उन्हात टाकत जा. कुबट वास आला की मला झोप येत न्हाई." आणि मग जरासा हसला.

लढाईवर निघालेला मुलगा. त्याने देवाचं नाव घेतलं नाही की काळजी करू नकोस म्हणाला नाही. वाकळेचं, आपल्या गोधडीचं बोलला. मला त्याची इतकी माया आली की काय सांगू. पण पिशवीने माया करून काय होणार?

मुंबईला बातमीपट कापणाऱ्या साहेबांनी त्याच्यातलं तीन सेकंदांचं हसणं ठेवलं आणि बोलणं कापून टाकलं. ओठ हलतात, आवाज नाही, असल्या चित्राचा त्यांना उपयोग नव्हता. विष्णुपंतांनी तो फेकलेला तुकडा केराच्या टोपलीतून उचलला, सुपारीच्या डबीत गुंडाळून ठेवला आणि रजेवर सांगलीला गेले तेव्हा शरयूबाईंच्या मशिनच्या खणात टाकला. का उचलला, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

वर्षभराने ऑफिसात एक पत्र आलं. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढे, नीरेच्या अंगाला असलेल्या एका गावातून. बनुबाई नावाच्या विधवेने शाळामास्तरांकडून लिहून घेतलं होतं. 'सरकारी सिनेमाची मोटार गावात आली, पडद्यावर माझा ज्ञानू दिसला, पापणी लवली आणि गेला. त्यानंतर पलटणीचा कागद आला की तो बेपत्ता आहे. तुमच्याकडे तर तो दिसतो. मग कुठे आहे ते कळवावे.'

ऑफिसात ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर हसत फिरलं. फिरत फिरत विष्णुपंतांकडे आलं. ते हसले नाहीत. चिठ्ठ्याचपाट्या ठेवायला मला बाहेरून एक खिसा आहे, त्यात त्यांनी ते पत्र ठेवलं. पुढची तीन वर्षं ते माझ्या अंगावर होतं. फिल्म भरताना त्यांचा हात मध्येच थांबायचा. 'जाईल, जाईल, बोल लवकर' हे त्यांना छळत होतं, हे मला त्या थांबण्यावरून कळायचं.

लढाई संपली, बातमीपटाचं ऑफिस गुंडाळलं गेलं. दुसरीकडे बातम्यांचीच चांगली नोकरी मिळत होती. विष्णुपंतांनी ती नाकारली. ऑफिसने मोडीत काढलेला कॅमेरा आणि कोऱ्या फिल्मचे सहा डबे घेऊन ते सांगलीला परतले आणि शरयूबाईंना म्हणाले, "मला एक चित्र करायचंय. माझं स्वतःचं. त्या बाईचं."

"त्यात काय असणार?" शरयूबाईंनी विचारलं.

"ते माहीत नाही," विष्णुपंत म्हणाले. "पण तीन सेकंदांचं नसणार."

शरयूबाईंनी माझे सैल झालेले हूक नव्याने लावून दिले.

स्वातंत्र्याच्या आधीचा उन्हाळा. लोणंद स्टेशनात उतरून आम्ही बैलगाडीने त्या गावी गेलो. विष्णुपंतांनी पत्र दाखवलं आणि ज्ञानूचं चित्र आपणच काढलं असं सांगितलं, तेव्हा बनुबाई अगदी पुढ्यात येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मंजी तुमी त्येला डोळ्यांनी बगितला. त्येला लागून हुबं हुता."

"हो, मावशी."

"काय बोलला वो?"

"बोलला. पण... भोंगा झाला. आवाज फार होता. मला ऐकू आलं नाही."

"आसं व्हय," बनुबाई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

अहो, मी तिथेच होते! सोप्यातल्या खुंटीला टांगलेली. वाकळ म्हणाला, वाकळ! पण माझं कोण ऐकतंय. त्यानंतर बनुबाई रोज एकदा तरी विचारायच्याच, "काय बोलला आसंल वो?" आणि विष्णुपंत रोज तेच सांगायचे, ऐकू आलं नाही.

चित्र काढू द्यायला मात्र त्या लगेच तयार झाल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. "ती मोटार गावोगाव फिरती. कुटं तरी तो बगंल. आय अजून वाट बगतिया म्हनल्यावर यील." विष्णुपंतांना त्यावर नाही म्हणवलं नाही, आणि हो म्हणण्याची चूक ते पुन्हा करणार नव्हते.

महिनाभर चित्रं काढणं चाललं. सहापैकी चार डबे संपले. पण माझ्या बाह्यांत येणारे हात जुनेच होते. तीच घाई, तेच रबर ओढणं. आणि बाहेरून ऐकू यायचं, "मावशी, इकडे बघा. आता वाटेकडे बघा. अशाच थांबा. झालं." बिचाऱ्या बनुबाई सांगतील तशा उभ्या राहायच्या. नोकरी सुटली होती, बातमीवाला सुटला नव्हता.

चित्रं काढलेली फिल्म उन्हाच्या झळेने खराब होते. म्हणून विष्णुपंतांनी ते चार डबे बनुबाईंच्या जोंधळ्याच्या कणगीत, धान्याखाली पुरून ठेवले आणि बजावलं, "मावशी, ह्यांना ओल लागता कामा नये. बुरशी धरली तर सगळं गेलं." आणि मग शेवटी मनाचा हिय्या करून ते सांगलीला निघाले. सुपारीच्या डबीतला तो तुकडा आणायचा, मावशीला दाखवायचा आणि चित्राच्या शेवटी जोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कोरे दोन डबे त्यांच्या ट्रंकेत कुलूपबंद राहिले आणि मी खुंटीवर.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बनुबाईंनी कणगी उपसली. जोंधळ्याला सोंडकिडे लागले होते, ऊन दाखवायचं होतं. धान्यात डबे लागले. त्यांनी वास घेतला. फिल्मला एक आंबूस वास असतोच, पण ते त्यांना कसं माहीत असणार?

"मने, ये मने!" त्यांनी शेजारच्या मनुबाईंना हाक मारली. "ह्यास्नी कुबट वास सुटलाय बग. पंत म्हनलं हुतं, ओल लागली तर समदं ग्येलं."

"मग बया, ऊन दाव की," मनुबाई म्हणाल्या.

झालं. दोघींनी डब्यांवरची चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवली. आतला काळा कागद नीट घडी करून ठेवला. आणि मग बनुबाईंचं लक्ष खुंटीकडे गेलं. "हिला बी कवा ऊन लागल्यालं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या, माझे हूक काढले, मला उलटी केली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली.

मी आयुष्यात पहिल्यांदा उजेड पाहिला.

आधी तर डोळे दिपून काहीच दिसेना. मग दिसलं. आकाश म्हणतात ते एवढं मोठं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. समोर एक वाळकी, उंच बाई, कपाळावर गोंदण, लुगड्याचा काचा मारलेला. आवाजावरून ओळखलं, ह्याच बनुबाई. त्यांच्या अंगणात एक जाड, ठिगळाठिगळांची वाकळ अंथरली होती. तिच्यावर फिल्म पसरली होती. वेटोळ्यावर वेटोळं. टोकांवर उडू नये म्हणून खडे ठेवलेले. वाकळ पुरेना म्हणून उरलेली फिल्म दोरीवर, कुंपणावर, माझ्या शेजारी. कुरडया घालाव्यात तितक्या निगुतीने दोघी बाया ती पसरत होत्या, आणि फिल्म माझ्या डोळ्यांदेखत फिक्याची जांभळट होत चालली होती. महिन्याभराचं काम. बनुबाईंचा लेकाला धाडलेला निरोप.

मला ओरडावंसं वाटलं. अंधार द्या म्हणावं, तर मीच उलटी टांगलेली.

दोष कुणाला द्यायचा? विष्णुपंतांनी ओल सांगितली, झळ सांगितली. उजेड सांगितलाच नाही. त्यांच्या धंद्यात ते कुणाला सांगावं लागत नाही. आणि बनुबाईंच्या घरी ज्याच्यावर जीव आहे त्याला ऊन दाखवतात.

दुपारी मनुबाई फिल्म सारून वाकळ उचलायला गेल्या, तेव्हा बनुबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती. ज्ञानूची हाय. रोज टाकतिया."

त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं, तरी ती करत होती.

चौथ्या दिवशी विष्णुपंत आले. बरोबर शरयूबाईही होत्या. बनुबाईंनी कौतुकाने फिल्म दाखवली, चौघडी घालून टोपलीत ठेवलेली. "आवं पंत, लय वास मारत हुती. चांगलं दोन दीस ऊन दावलं. आता किडा लागायचा न्हाई."

विष्णुपंत जोत्यावर बसले. तोवर मी पुन्हा सुलटी होऊन खुंटीवर गेले होते. त्यांनी मला खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात माझ्या बाह्यांत घातले. भरायला काही नव्हतं. नुसतेच हात. घाई नव्हती, राग नव्हता. मग त्यांचा आवाज आला, "बरं केलंत, मावशी."

बनुबाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा शरयूबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"तिला हे कधी सांगू नका," त्या म्हणाल्या.

"नाही सांगणार. पण सगळं गेलं, शरयू."

"काय होतं त्यात?"

"मावशी वाटेकडे बघतायत. मावशी दाराशी उभ्या..."

"तुम्ही सांगितलं तेव्हा बघत होत्या, तुम्ही सांगितलं तेव्हा उभ्या राहत होत्या," शरयूबाई म्हणाल्या. "हे मात्र त्यांनी आपल्या मनाने केलंय. अजून दोन डबे आहेत ना? हेच काढा."

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत माझ्या बाह्यांत शिरले ते हळूच. फिल्मची कडा बोटांनी शोधली, पेटीत बसवली, पुन्हा एकदा चाचपून पाहिली. निघताना रबर ओढलं नाही, सोडवलं. इतक्या वर्षांत ते हात मला पहिल्यांदाच ओळखीचे वाटले.

"मावशी, परवासारखं पुन्हा सगळं उन्हात टाकता का?" त्यांनी विचारलं.

"ह्यात काय बगायचं? आमचं रोजचंच हाय."

"तेच बघायचंय."

बनुबाईंनी जोंधळा पसरला, मिरच्या पसरल्या, वाकळ झटकून टाकली, तिच्यावर ती बाद झालेली फिल्म. अधूनमधून येऊन वाकळेचा वास घेतला, पालटली, पुन्हा वास घेतला. हे मला नंतर शरयूबाईंच्या बोलण्यातून कळलं. विष्णुपंत एकदाही 'इकडे बघा' म्हणाले नाहीत. सांगलीहून आणलेला तुकडा मात्र त्यांनी ठरवल्याप्रमाणे मावशीला लगेच दाखवला नाही. हातात धरून नखाएवढ्या चित्रांत मावशीला लेक दाखवायला नको, पडद्यावर माणसाएवढा दाखवीन, असं ते शरयूबाईंना म्हणाले.

फिल्म पुण्याला धुऊन झाली. सुपारीच्या डबीतला तुकडा शेवटी जोडला. दिवाळीनंतर लोणंदला आप्पासो नावाच्या माणसाचा फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. विष्णुपंतांनी त्याला गळ घातली. "बिगरआवाजाचं हाय? नऊच मिन्टं? लावा गड्या," आप्पासो म्हणाला. "लोक वराडलं तर मी जबाबदार न्हाई."

दिवेलागणीला बनुबाई, मनुबाई आणि निम्मं गाव बैलगाड्यांनी आलं. मी शरयूबाईंच्या मांडीवर होते, शेजारी बनुबाई. मला अर्थातच काही दिसत नव्हतं. यंत्राची घरघर ऐकू येत होती. आधी लोक हसले, "आगं, ही तर बनुबाय!" मग हळूहळू हसणं थांबलं. कुणा बाईने नाक शिंकरलं. मग विष्णुपंत मागून येऊन वाकले आणि पुटपुटले, "मावशी, आता बघा."

तंबूत चिडीचूप झालं. त्यावरून मला कळलं की पडद्यावर ज्ञानू आलाय आणि बोलतोय.

माझा जीव कानांत गोळा झाला. बारा सेकंदांचा तर तुकडा.

शेजारून बनुबाईंचा आवाज आला. रोज घरात बोलावं तसा, साधा. "टाकतिया की रं. रोज टाकतिया."

विष्णुपंतांना समजेना. "मावशी, कुणाशी बोलताय?"

"लेकाशी," बनुबाई म्हणाल्या. "तुमी म्हनला हुता, आवाज लय हुता. मला तर समदं ऐकू आलं."

विष्णुपंतांचा हात माझ्यावर टेकला आणि तिथेच राहिला. गोदीत सहज तोंडातून गेलेला त्यांचा तो होकार साडेचार वर्षांनी खरा झाला होता. बनुबाईंना नेमकं काय ऐकू आलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि बनुबाईंनी कुणाला सांगितलं नाही. ते त्या दोघांचं होतं. माझंही थोडंसं.

ज्ञानू आला नाही. एकोणपन्नास साल उजाडलं, अजून नाही. वाकळ रोज उन्हात पडते, असं मनुबाई मास्तरांकडून शरयूबाईंना कळवतात. विष्णुपंत आता आटपाडीकडे दुसरं चित्र करतायत, सावकाश, आपल्या मर्जीने. त्यांच्याकडे नवी विकतची पिशवी आहे. माझं रबर सुटलं, शिवणीतून उजेड झिरपू लागला, म्हणून मला घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलंय, डांबराच्या गोळ्यांशेजारी. तक्रार नाही. काम झालंय.

फक्त शरयूबाई, माझं एवढं ऐका. ट्रंकेत फार कुबट वास येतो हो. वर्षातून एकदा मला बाहेर काढा, उलटी करा आणि दोरीवर टाका. तुम्ही शिवलेला अंधार मी नीट सांभाळला. आता थोडं ऊन दाखवा.